माणसाला लागावं कसं? काळ्या मातीतल्या नवशिक्या जिवाणूंसाठी मार्गदर्शिका

राजेहो, दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, जिथल्या वावरात असाल तिथून वाचा. पूर्णेच्या खोऱ्यातले तुमचे हाल आम्हाला ठाऊक आहेत. चिमूटभर मातीत तुम्ही कोट्यवधी. पऱ्हाटीच्या मुळातून पाझरलेल्या गोड थेंबावर सगळ्यांचा डोळा, आणि तो संपला की महिनोनमहिने उपास. मे महिन्यात जमीन अशी भेगाळते की माणसाचा हात कोपरापर्यंत आत जावा. जुलैत तीच माती पाणी पिऊन फुगते आणि आतली हवा कोंडते. अशात धुऱ्यावरून पन्नास-साठ किलोचं, पाण्यानं, साखरेनं आणि प्रथिनांनी भरलेलं एक शरीर रोज सकाळी अनवाणी चालत जातं. मन चळणारच.

योजनेचा लाभ घेण्याआधी एक अट नीट वाचून घ्या. आजवर एकाही जिवाणूनं ठरवून रोगजंतू होऊन दाखवलेलं नाही. जनुकांची नक्कल करताना चुका होतात, चुका करणारे बहुतेक मरतात, एखाद्याची चूक त्याच्या पथ्यावर पडते आणि त्याची पिलावळ वाढते. अभ्यासक्रम एवढाच. म्हणजे ही पुस्तिका वाचून तुम्हाला काहीही होता येणार नाही. पण लाभार्थी नाही म्हणून पुस्तिका काढू नये, असा आपल्याकडे दंडक नाही.

तालमीत नाव घाला

माणसात शिरण्याची तयारी मातीतच उरकावी लागते. अमरावतीकरांना तालमीचं महत्त्व सांगायला नको. 1914 साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं आणि 1936 साली तिथला संघ बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये देशी खेळ दाखवून आला. तुमच्या तालमीतल्या उस्तादाचं नाव अमिबा. तो तुम्हाला धरतो, गिळतो, एका पिशवीत कोंडतो, पिशवीत आम्ल सोडतो आणि वरून पाचक रस ओततो. बहुतेकांची कुस्ती तिथेच निकाली लागते. पण पिशवीची भिंत फोडून बाहेर पडणारा, आम्ल सोडूच न देणारा, किंवा आत बसून उस्तादालाच पोखरणारा एखादा निघतो. माणसाच्या रक्तात आणि फुफ्फुसात गस्त घालणाऱ्या भक्षक पेशी हुबेहूब हेच करतात: धरणं, गिळणं, पिशवी, आम्ल. ज्यानं अमिबाचा डाव उलटवला त्याला माणसासाठी निराळा डाव शिकावा लागत नाही.

याचा दाखला 1976 चा आहे. फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अमेरिकेच्या माजी सैनिकांचा मेळावा भरला आणि तिथून परतलेले अनेक जण न्यूमोनियानं दगावले. जंतू सापडला, त्याला लेजिओनेला म्हटलं गेलं. पुढे 1980 मध्ये इंग्लंडच्या टिमथी रोबॉथम यांनी दाखवून दिलं की हा गडी अमिबाच्या पोटात वाढतो. पाण्यात आणि ओल्या मातीत अमिबाशी झुंजत त्याच्या कित्येक पिढ्या गेल्या होत्या. माणूस त्याच्या हिशेबातच नव्हता. हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेतून उडालेल्या तुषारांनी तो फुफ्फुसात गेला आणि तिथे त्याला जरा मोठ्या आकाराचा अमिबा भेटला, इतकंच.

वऱ्हाडातल्या उमेदवारांना आणखी दोन बाबतीत सवलत आहे. पहिली लोहाची. माणसाचं शरीर लोह उघड्यावर ठेवत नाही. रक्तात, अश्रूंत, दुधात ते प्रथिनांच्या मुठीत घट्ट धरलेलं असतं, म्हणजे आगंतुक उपाशी मरावा. भल्याभल्यांचं इथे अडतं. तुमचं अडायचं कारण नाही. वरुड-मोर्शीच्या संत्राबागांत पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असतं पण विरघळत नाही, झाडाला मिळत नाही. अशा जमिनीत टिकायचं तर लोह ओढून आणणारे बारीक रेणू बाहेर सोडावे लागतात, आणि मातीतल्या पुष्कळ जिवाणूंना ही विद्या येते. तीच शरीरात चालते.

दुसरी सवलत उष्णतेची. बाहेरच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की सदतीस अंश तापमान हा मातीतल्या जिवांना मोठा अडसर आहे. ती पुस्तकं थंड देशांत लिहिलेली. अकोल्यात मे महिन्यात सावलीतला पारा 45 च्या वर जातो आणि उघड्या ढेकळावर पाय ठेववत नाही. तिथून आलेल्याला माणसाचं अंग म्हणजे कूलरची खोली.

सोयऱ्यांकडून उसनं घ्या

हाताशी जनुक नसेल तर शेजाऱ्याचं घ्यावं; तुमच्यात याची लाज कोणाला नाही. मेलेल्याचा डीएनए उचलता येतो. जिवाणूंना लागणारे विषाणू एकाचं जनुक दुसऱ्यात नेऊन टाकतात. सगळ्यांत सोयीचं म्हणजे प्लाझ्मिड, मूळ जनुकसंचापासून सुटं असलेलं डीएनएचं कडं, जे एका पेशीतून दुसरीत सरकू शकतं. पन्नास पिढ्यांत जमलं नसतं ते एका भेटीत पदरात पडतं.

हे समजून घ्यायला लांब जायला नको. वऱ्हाडातला लहान पोरगाही एका जिवाणूचं नाव सांगतो: बीटी. बॅसिलस थुरिंजेन्सिस. जपानच्या इशिवाता यांना तो 1901 मध्ये मरणाऱ्या रेशीमकिड्यांत सापडला. मातीतला साधा जीव. पण त्याच्या प्लाझ्मिडवर अळीचं आतडं फोडणाऱ्या प्रथिनाचं जनुक असतं. माणसानं ते काढून कपाशीत घातलं, 2002 मध्ये सरकारनं परवानगी दिली, आणि काही वर्षांतच या भागात बीटी नसलेली पऱ्हाटी शोधून काढावी लागली. (गुलाबी बोंडअळीनं त्यावरही तोड काढली. 2017 च्या हंगामात तिनं विदर्भातली बोंडं पोखरली ती बीटी असूनच. मार्गदर्शिका तिनंही वाचलेली नव्हती.)

या बीटीचे दोन सख्खे भाऊ. एक बॅसिलस सीरियस, दुसरा बॅसिलस अँथ्रासिस, म्हणजे काळपुळीचा. गुरांत हिलाच फाशी म्हणतात. 2000 साली नॉर्वेच्या संशोधकांनी तिघांची जनुकं ताडून पाहिली आणि स्पष्ट लिहिलं की ही खरं तर एकच जात आहे. फरक बराचसा प्लाझ्मिडांचा. अळी मारणारं कडं घेतलं की कृषी सेवा केंद्रात डब्यावर नाव छापून येतं. काळपुळीची दोन कडी घेतली की गुरंढोरं, मेंढ्या आणि त्यांची कातडी सोलणारा माणूस, सगळे टप्प्यात येतात.

मधल्या भावाकडे दुर्लक्ष करू नका. सीरियसचे बीजाणू तांदळावर असतात आणि भात शिजतानाच्या उकळीला पुरून उरतात. रात्रीचा भात पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवलेला असतो, हळूहळू कोमट होतो, बीजाणू उगवतात आणि त्यांच्यातले काही उलटी आणणारं विष तयार करतात. सकाळी त्याच भाताला मोहरी, हळद, कांदा, शेंगदाण्याची खमंग फोडणी बसते. जिवाणू मरतात, विष मरत नाही. ते 121 अंशांच्या तापमानालाही दाद देत नाही, कढईची काय कथा. त्या विषाचं जनुकही प्लाझ्मिडवरच असतं, आणि ते प्लाझ्मिड काळपुळीच्या एका प्लाझ्मिडाचं जवळचं नातेवाईक आहे. फोडणीच्या भाताला आमचा विरोध नाही. रात्रीच फ्रीजमध्ये ठेवला असेल तर खुशाल खावा.

आता मुख्य कोर्स: काळपुळी. इथे दोन्ही कडी लागतात. एकावर विषाची जनुकं, दुसऱ्यावर अंगावर चढवायच्या चिकट आवरणाची, ज्यामुळे भक्षक पेशींना तुम्हाला धरता येत नाही. एकच असेल तर नापास. लुई पाश्चर यांनी उष्णतेनं दुबळे केलेले जंतू वापरून काळपुळीची जी लस बनवली तिचं रहस्य नंतर उलगडलं. जंतूंना 42-43 अंशांवर वाढवल्यानं त्यांच्या विषाचं कडं गळून पडलं होतं. प्लाझ्मिड हा प्रकारच तेव्हा कोणाला माहीत नव्हता, आणि काम मात्र झालं होतं. उलटा प्रवासही होतो. अमेरिकेत काही वेल्डरांना काळपुळीसारखा जीवघेणा न्यूमोनिया झाला, आणि त्यांच्यातून निघाला तो सीरियस, ज्यानं अँथ्रासिसच्या कड्याची जुळी आवृत्ती कुठूनतरी मिळवली होती.

काळपुळीच्या उमेदवारानं जनावर मारण्याइतकंच लक्ष नंतरच्या मुक्कामाकडे द्यावं. मेलेलं ढोर कोणी फाडलं की रक्ताला हवा लागते आणि जंतू बीजाणूंच्या रूपात जातात. म्हणूनच पशुवैद्यक बजावतात की संशय असेल तर प्रेत उघडू नका, खोल पुरा. चुनखडीची, क्षारधर्मी जमीन या बीजाणूंना मानवते. म्हणजे राहायची सोय इथे आहेच. किती काळ? स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर ब्रिटिशांनी 1942 मध्ये काळपुळीचे बाँब मेंढ्यांवर आजमावले. बेट पुन्हा सुरक्षित जाहीर झालं 1990 मध्ये, तेही जमिनीला फॉर्माल्डिहाइडनं न्हाऊ घातल्यावर.

दार कुठे आहे

ऑगस्टात कपाशीत निंदण चालू असताना एकदा लक्ष देऊन बघा. बाई उकिडवी बसून पुढे सरकते, डाव्या मुठीत तण, उजवीत विळा. नखांच्या कडेला काळ्या मातीची रेघ, संध्याकाळी कितीही घासली तरी न जाणारी. चपला धुऱ्यावर काढून ठेवलेल्या, कारण ही माती चपलेला चिकटून प्रत्येक पावलाला वजन वाढवते. टाचांना भेगा आणि भेगांतही तीच माती. बाभळीचा काटा घुसतो. ती बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढते, काटा उकरते, रक्त आलेल्या जागी चिमूटभर माती दाबते आणि पुढच्या तासाला लागते. एवढ्यात तुमच्यातले किती आत गेले असतील, हिशेब करा.

यातले जवळजवळ सगळे तासाभरात मरतात. टिकणाऱ्यांत एक नाव सगळ्यांना माहीत आहे: धनुर्वाताचा क्लॉस्ट्रिडियम टेटानी. याला हवा सोसत नाही, म्हणून खोल, अरुंद, बाहेरून बुजलेली जखम त्याला हवी असते. आत तो फार पसरतही नाही. तिथल्या तिथे बसून विष सोडतो, विष नसांमधून वर मज्जारज्जूपर्यंत जातं आणि स्नायूंना सैल होण्याचा निरोप पोहोचू देत नाही. जबडा मिटतो, पाठ कमान होते. या विषाचं जनुकही 74 हजार अक्षरांच्या एका प्लाझ्मिडवर आहे.

धनुर्वाताला पुस्तिकेत जागा द्यावी का, यावर संपादक मंडळात वाद झाला. एका माणसाचा धनुर्वात दुसऱ्याला लागत नाही. म्हणजे जंतूला पुढे जायला वाट नाही. माणूस मरतो आणि जंतू होता तिथेच. हे कर्तृत्व म्हणायचं की अपघात? आमच्या मते अपघात. मातीतून थेट माणसात येणाऱ्यांचं बहुतेक असंच असतं. पायाला गाठी आणून त्यातून दाणेदार पू काढणारा मदुरा पाय हा रोगही काट्यावाटेच येतो, मातीतल्या तंतूसारख्या जिवाणूंमुळे किंवा बुरशीमुळे. त्याचा नीट अभ्यास केला तो हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी. ग्रे यांच्या प्रसिद्ध शरीररचनेच्या ग्रंथातली चित्रं काढणारे हेच कार्टर. नंतर ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत होते आणि साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. तोही रोग एकाचा दुसऱ्याला होत नाही.

आणि विरोधी पक्षाची तयारी पाहता धनुर्वाताचा मार्ग आता धरूच नये. गरोदरपणातल्या सुया, दवाखान्यातली बाळंतपणं, नाळ कापायला स्वच्छ पातं, नाळेला शेण न लावणं, यांनी 2015 पर्यंत भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयापासून खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्रापर्यंत टीटीची सुई मिळते. (आता तीत घटसर्पाविरुद्धचाही भाग असतो आणि नाव टीडी झालंय, वऱ्हाडात मात्र ती टीटीच.)

किनारपट्टीवर नातेवाईक असतील तर मेलिओइडोसिसच्या बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलीयाची चौकशी करावी. भाताच्या चिखलात राहतो, पावसाळ्यात माणसात येतो, मधुमेह असलेल्यांना जास्त पकडतो. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी तो 1912 मध्ये रंगूनला ओळखला. शरीरात गप्प बसण्यात याचा हात कोणी धरत नाही: दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी असलेल्या एका सैनिकात तो 62 वर्षांनी उठला.

माणसातच राहायचं असेल तर

इथून पुढचा भाग कमजोर मनाच्या उमेदवारांनी वाचू नये. आतापर्यंत आपण मिळवायचं काय ते पाहिलं. कायमचा मुक्काम माणसात करायचा तर गमवावं लागतं.

स्यूडोमॅलीयाचाच एक वंशज केव्हातरी घोड्यात गेला आणि तिथेच राहिला. मातीत लागणारी जनुकं निरुपयोगी झाली, एकेक करून गळाली, 72 लाख अक्षरांचा जनुकसंच 58 लाखांवर आला. तो आता बर्कहोल्डेरिया मॅली, घोड्या-गाढवांच्या ग्लँडर्सचा जंतू. 2006 मध्ये महाराष्ट्रात घोड्यांत ग्लँडर्स पुन्हा दिसला तो याचाच. त्याला मातीत सोडलं तर तो फार काळ टिकत नाही.

याहून टोकाचं उदाहरण अमरावतीला परकं नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 मध्ये विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापून तपोवन उभं केलं, ज्या काळी कुष्ठरुग्णाला घरच्यांनीही उंबऱ्याबाहेर काढलेलं असे. तिथे उपचार होते आणि हाताला कामही होतं. त्या रोगाचा जंतू मायकोबॅक्टेरियम लेप्री. त्याचं गोत पाहा: मायकोबॅक्टेरियमच्या बहुसंख्य जाती माती-पाण्यात निरुपद्रवी राहतात. क्षयाच्या जंतूकडे 44 लाख अक्षरं आणि सुमारे 4 हजार जनुकं. 2001 मध्ये तमिळनाडूतल्या एका रुग्णापासून मिळालेल्या कुष्ठजंतूचा जनुकसंच वाचून झाला तेव्हा संशोधक चक्रावले. जेमतेम 1600 जनुकं चालू, आणि 1100 हून अधिक मोडलेली, नुसते सांगाडे. स्वतःचं अन्न तोडायची, ऊर्जा काढायची कित्येक साधनं गेलेली. हान्सेन यांनी नॉर्वेत 1873 मध्ये हा जंतू पाहिला. तेव्हापासून आजपर्यंत कोणालाही तो प्रयोगशाळेच्या बशीत वाढवता आलेला नाही. उंदराच्या तळपायात किंवा आर्मडिलो नावाच्या खवल्यांच्या प्राण्यात वाढवावा लागतो. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास दोन आठवडे लागतात. ई. कोलाय चांगल्या खुराकावर हे वीस मिनिटांत उरकतो.

एवढं गमावून मिळालं काय? नाक, कान, हातापायाच्या नसा, म्हणजे शरीराचे थंड कोपरे. त्यातही जवळपास 95 टक्के माणसं निसर्गतःच त्याला दाद देत नाहीत. आणि 1982 पासून बहुविध औषधोपचार आला, ज्यानं रोग पूर्ण बरा होतो. त्यातलं रिफाम्पिसिन कुठून आलं ठाऊक आहे? 1957 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या पाइनवनातून आणलेल्या मातीत एक जिवाणू सापडला, त्याच्या रसायनापासून. माती सोडून गेलेल्याला मातीत राहिलेल्यानं मारलं. भाऊबंदकी काही फक्त सातबाऱ्यावर नसते.

यावरून औषधांबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रतिजैविकं माणसाचा शोध नाहीत, ती तुमचीच शस्त्रं; आणि त्यांच्यावरची तोडही तुमच्यातच जुनी आहे. कॅनडाच्या युकॉन भागातल्या 30 हजार वर्षांच्या गोठलेल्या मातीत टेट्रासायक्लिनला न जुमानणारी जनुकं सापडली आहेत, तेव्हा डॉक्टरही नव्हता आणि औषधाचं दुकानही. रुग्णालयांना आज छळणाऱ्या सीटीएक्स-एम या प्रतिरोधक जनुकांचं मूळ घर क्लुइव्हेरा नावाचा, मातीपाण्यात राहणारा बिनमहत्त्वाचा जिवाणू आहे. रोगजंतूंनी ती उसनी नेली. संत्र्यावर आणि कपाशीच्या करप्यावर स्ट्रेप्टोसायक्लिन फवारून माणसानं तुमचा सराव चालू ठेवला. केंद्र सरकारनं 2021 मध्ये त्यावरच्या बंदीचा मसुदा काढला. या बाबतीत तुम्हाला मार्गदर्शनाची गरज नाही. माणसालाच आहे.

पर्यायी नोकरी

लोणारच्या सरोवरातल्या मंडळींनी रोगजंतू होण्याचा अर्ज कधीच केला नाही. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं की हे क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचं काम आहे. सारा देश नवलानं बघत राहिला, आणि एकही माणूस आजारी पडला नाही.

ज्यांना पेशीच्या आत राहायचीच हौस आहे त्यांनी रायझोबियमकडे चौकशी करावी. लसूणघासाच्या मुळात गाठी करणारा जिवाणू झाडाच्या पेशीत शिरून जगतो, आणि त्यासाठी त्याला बॅकए नावाचं जनुक लागतं. गाईंचा गर्भपात घडवणारा, कच्च्या दुधातून माणसाला ताप देणारा ब्रुसेला हा त्याचाच दूरचा सोयरा. 2000 साली दिसून आलं की भक्षक पेशीत टिकायला त्यालाही बॅकएच लागतं. एकच कसब, एकाला शेतकरी पैसे मोजून आणतो आणि दुसऱ्यासाठी पशुवैद्यक बोलावतो. तुरीचं किंवा सोयाबीनचं झाड अलगद उपटून मुळावरची गाठ नखानं फोडून बघा. आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे, हिरवट किंवा तपकिरी असेल तर आतला कर्मचारी निवृत्त झालाय.

भरती मृगाच्या आसपास, पाकिटातून. 250 ग्रॅमचं पाकीट साधारण दहा किलो बियाण्याला पुरतं. गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हातानं चोळावं, बियाणं सावलीत वाळवावं आणि लगेच पेरावं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू नंतर. क्रम चुकला तर नोकरी लागण्याआधीच तुम्ही गेलात. पाकिटावरची मुदत संपलेली नाही ना, तेवढं दुकानदारासमोरच बघून घ्यावं.